एका ओढीत सुटणारी शिवण

तेरखेड्याजवळच्या आमच्या वाशीत एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं शिलाईचं दुकान आहे. पाटीवर पूर्ण नाव लिहिलंय, पण तालुक्यात मला सगळे मास्तरच म्हणतात. सातवीपलीकडं शाळेत गेलो नाही हे माहीत असलेलेसुद्धा म्हणतात. चाळीस वर्षं पुरुषांचे कपडे शिवले. आता डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, साखर आहे, त्यामुळं दुकान निम्मं चालू आणि निम्मं बंद. चेन बदलणं, पँट आखूड करणं, एवढंच घेतो.

या धंद्यात माणसं लई तऱ्हेची भेटली. एक पुढारी होते. कंबर दरसाल वाढायची, पण आकडा ऐकला की चिडायचे. मी तोंडानं चौतीस म्हणायचो आणि वहीत चाळीस लिहायचो. पँट बरोबर बसली की म्हणायचे, "बघा मास्तर, आपली तब्येत हाय तशीच हाय." सोनारीचे एक म्हातारे यायचे. काळभैरवनाथाच्या यात्रेआधी त्यांना नवी बंडी लागायची, पण तिला बटण चालायचं नाही. देवापुढं जाताना अंगावर धातू नको, असा त्यांचा स्वतःचा नेम होता. मग मी डाव्या कुशीला कापडाचे बंद लावून बंडी शिवायचो. असं काम आता कुणी मागत नाही, आणि कुणाला येतही नाही.

त्या बंडीपायीच अश्विनी माझ्याकडं आली.

होळी झाली होती. उन्हं तापायला लागली होती. दुपारी एक मुलगी दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. पाठीवर मोठी सॅक, हातात गुंडाळलेले कागद. मी म्हटलं, "बाई, इथं लेडीजचं शिवत न्हाईत."

"ठाऊक आहे, मास्तर. मला बंदांची बंडी शिकायचीय."

तेरखेड्याची मुलगी. पुण्यात फॅशनच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. आमच्या भागात फॅशन म्हटलं की लोकांना लग्नातले घागरे आठवतात, म्हणून तिनं मला नीट समजावून सांगितलं. शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्यानं एका विषयावर पाच पोशाख करायचे. कल्पना आपली, कापड आपलं, बेतणं आपलं. मग बाहेरून आलेली जाणती माणसं ते पोशाख तपासतात, प्रश्न विचारतात. त्याला ज्युरी म्हणतात. त्यावर तिची तीन वर्षं तोलली जाणार होती.

"मग विषय काय तुझा?"

"फटाक्याच्या शेडमधल्या बायांचे कामाचे कपडे."

तेरखेड्यात फटाक्याचं काम चालतं हे दिवाळीला फटाके घेणाऱ्या कुणालाही सांगायला नको. तिथल्या बाया साडीवर नवऱ्याचा नाहीतर भावाचा जुना शर्ट घालतात, शेतात घालतात तसाच. तो शर्ट बहुतेक टेरिकॉटचा असतो. टेरिकॉट म्हणजे सुतात मिसळलेलं पॉलिस्टर. लवकर वाळतं, इस्त्री लागत नाही, वर्षानुवर्षं फाटत नाही. पण फटाक्याच्या दारूच्या कामात ते वाईट. एकतर अंगावर घासून त्यात ठिणगी तयार होते. थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तीच ती. दुसरं म्हणजे आग लागली तर सूत जळून राख होतं, पॉलिस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं.

अश्विनीनं टेबलावर कागद पसरले. पाच कामं, पाच पोशाख. दारू मिसळणारी, भुईनळे भरणारी, वात लावणारी, उन्हात माल वाळवणारी आणि खोकी बांधणारी. मिसळणारीच्या बाह्या मनगटाला घट्ट, वाळवणारीच्या मानेवर पदरासारखं कापड, भरणारी दिवसभर उकिडवी बसते म्हणून तिच्या पाठीला जादा कापडाची कळी. खिसा कशालाच नाही, कारण खिशात दारूची पूड साठते. सगळं शंभर टक्के सुती. चेन, हूक, बटण काही नाही, धातू घासला तरी ठिणगी पडते.

मी चष्मा वर करून तिच्याकडं पाहिलं. चाळीस वर्षांत कुणी गिऱ्हाईक 'खिसा नको' म्हणालं नव्हतं.

"आमच्या मॅडमना हे पटत नाही," ती म्हणाली. "त्या म्हणतात, हा युनिफॉर्म झाला, यात फॅशन कुठंय? पण मी हाच विषय घेणार. माझ्या आईचा हात भाजलाय शेडमध्ये."

कधी भाजला, कशात भाजला, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. मी कागद उचलले आणि बंद कसा वळायचा ते दाखवायला लागलो.

या कामासाठी ती गावीच येऊन राहिली होती, दोन महिने दर दोन दिवसांनी दुकानात यायची. बंद वळायला तिला दोन दिवस लागले, पण खरी गोष्ट तिनंच काढली. एकदा आडत दुकानावरून येताना तिनं हमालाला तुरीचं पोतं सोडताना बघितलं. पोत्याचं तोंड शिवलेलं असतं ते फासात फास अडकवून. योग्य टोक धरून ओढलं की सगळी शिवण सरसर उसवत जाते. ती धावतच दुकानात आली. "मास्तर, बंद नकोत. पोत्याची शिवण लावू. खांद्यापासून कुशीपर्यंत एकच नाडी. ओढली की पोशाख अंगावरून खाली."

मी हसलो. आयुष्यभर शिवण सुटू नये म्हणून धडपडलो, आणि ही मला सुटणारी शिवण शिवायला सांगत होती. पण आम्ही करून बघितली. कापडाचे फास एकात एक ओवत नेले, शेवटी हातात धरायला जाड पट्टी ठेवली. अश्विनीनं अंगात घालून पट्टी ओढली. एक, दोन म्हणेस्तोवर पुढची बाजू जमिनीवर.

कापड तिनं पुण्याहून आणलं होतं. राखाडी रंगाचं, मऊ, देखणं. दुकानदारानं शुद्ध सुती म्हणून दिलेलं. तरी तिनं ते माझ्यापुढं ठेवलं. "तुम्ही एकदा हात लावून सांगा."

मी चिमटीत धरलं, चुरगाळलं, गालाला लावलं. आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, "सुतीच. ही बोटं कापडाच्या बाबतीत चुकत न्हाईत."

मे महिन्यातल्या एका रविवारी पाचही पोशाख तयार झाले. ज्युरी पुढच्या शनिवारी होती. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं ती पुण्याला जाणार होती. शेवटची तुरपाई ती करत होती आणि मी इस्त्रीला बसलो होतो.

इस्त्रीआधी आम्ही कापडावर पाणी शिंपडतो. सुती कापड पाणी लगेच पितं. त्या दिवशी थेंब कापडावर उभे राहिले. क्षणभरच, पण उभे राहिले. मला वाटलं, खळ असेल. नव्या कापडाला खळ असते. मग आठवलं, हे कापड आम्ही बेतण्याआधी धुतलं होतं. खळ तेव्हाच गेली होती.

 तिच्या नकळत एक कात्रण उचललं, त्यातला दोरा उसवला आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन काडी ओढली.

सुताचा दोरा कागदासारखा जळतो. वास कागदाचा, राख भुरभुरीत. हा दोरा जळता जळता आकसला. वास उग्र आला. टोकाला काळा मणी झाला. नखानं दाबला, फुटला नाही. दुसरा दोरा जाळला. तिसरा जाळला. तिन्हींना मणी.

साखरेनं माझी बोटं बधिर झाली होती. हे मला बरेच दिवस ठाऊक होतं. सुईत दोरा ओवताना कळायचं, बटण पकडताना कळायचं. फक्त कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा.

मागं वळलो तर अश्विनी दारात उभी होती. "काय जाळताय, मास्तर?"

मी तळहात पुढं केला. तीन काळे मणी. तिला शिकवलेलं होतं, सांगावं लागलं नाही. तिनं एक मणी उचलून नखानं दाबून बघितला.

"तुम्ही म्हणाला होता सुती आहे."

"म्हणालो होतो."

"तुम्ही म्हणाला होता बोटं चुकत नाहीत."

मी मणी मुठीत मिटले.

ती आत गेली, खुर्चीत बसली, उठली, पुन्हा बसली. टांगलेल्या पाच पोशाखांकडं बघत म्हणाली, "ज्युरीतलं कुणी कापड जाळून बघणार नाही. दिसायला चांगलं आहे, बसतंय चांगलं. आत्ता हेच दाखवते. पुढं कधी खरे शिवायचे झाले तर सुती घेऊ. कुणाला कळणार आहे, मास्तर? तुम्हाला आणि मला."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी 'हो' म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. माझी चूकही मिटली असती. पण असलंच वाक्य मी आधी एकदा स्वतःशी म्हटलेलं होतं.

"बस," मी म्हणालो. "तुला एक सांगायचंय. पहिल्याच दिवशी सांगायला पायजे होतं."

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका फटाका शेडचा माणूस कापडाचे तागे घेऊन माझ्याकडं आला होता. बायांसाठी पूर्ण बाह्यांचे तीस एप्रन शिवायचे होते. तागा उलगडताच मला कळलं की टेरिकॉट आहे. तेव्हा माझी बोटं शाबूत होती. हे कापड दारूच्या कामाला चालत नाही, हेही माहीत होतं. पण कापड गिऱ्हाइकानं आणलेलं, माप त्यानं दिलेलं, शिंप्यानं मधे बोलायचं कशाला? मी एप्रन शिवले. चांगले शिवले. पुढं काही महिन्यांनी स्टँडवर कानावर आलं की शेडमध्ये भडका होऊन एक बाई भाजली, आणि कापड हाताला चिकटलं म्हणून जास्त भाजली. कोण बाई, किती भाजली, मी चौकशी केली नाही. माझ्या एप्रनमुळंच असेल कशावरून, असं स्वतःला सांगितलं.

 माझं संपल्यावर अश्विनीनं विचारलं, "गळ्याला निळी पट्टी होती?"

"होती."

"आमच्या घरात पत्र्याच्या पेटीत अजून आहे तो. अर्धा."

तिनं सॅक उचलली. पोशाख तसेच टांगलेले राहिले. ती पायऱ्या उतरून स्टँडकडं गेली, वळून बघितलं नाही.

मी शटर ओढलं आणि घरी जाऊन पडून राहिलो. बायकोनं विचारलं तर डोकं दुखतंय म्हणालो.

सोमवारी सकाळी दुकान उघडलं, ते ती आली तर तिचं सामान तिला मिळावं म्हणून. नऊच्या सुमारास टमटममधून दोघी उतरल्या. अश्विनी आणि तिची आई. कमलबाईंना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पन्नाशीच्या आतल्या, उंच, डोक्यावरून पदर. उजवा हात पदराखाली. पायरी चढताना पदर सरकला. मनगटापासून वर कातडी चुण्या पडल्यासारखी, आणि शेवटची दोन बोटं तळव्याकडं वळून तशीच राहिलेली.

मी उभा राहिलो. बाकावरचे कपडे उचलून जागा केली.

त्या बाकावर बसल्या. पाणी दिलं ते प्यायल्या. मग म्हणाल्या, "पोरीनं समदं सांगितलं, मास्तर. रातभर रडली. म्या तिला म्हनलं, मलाच बोलू दे त्यांच्याशी."

"बोला, बाई."

"तवा तुमी सांगितलं असतं, तर म्या ऐकलं नसतं. टेरिकॉट लवकर वाळतंय, म्हून आमीच मागत हुतो. सुती नको, मळतंय, म्हनायचो. मालकानं आमी मागितलं तेच दिलं." त्यांनी रिकामा पेला बाकावर ठेवला. "पर ऐकायचं न्हाय ऐकायचं, ती आमची गोष्ट हुती. सांगायचं तुमचं हुतं. तेवढं तुमी केलं न्हाय."

त्यांचा आवाज चढला नव्हता. माफी मागावी असं मनात आलं, पण त्या वाक्यापुढं माफीला जागाच नव्हती. मी म्हणालो, "व्हय. केलं न्हाय."

"काल केलं," त्या म्हणाल्या. "आता ह्या पोरीचं बघा. किती दिस हायेत?"

"आजचा धरून चार."

"मग बसून काय ऱ्हायलाय?"

वाशीत शुद्ध सुती कापड मिळवायचं म्हणजे अवघड. दुकानांत सगळं मिक्स. तीन दुकानं फिरलो. प्रत्येक ठिकाणी अश्विनी दोरा मागायची, बाहेर येऊन जाळायची, मणी बघायची आणि मान हलवायची. उन्हं डोक्यावर आली. चौथं दुकान मलप्पांचं. मूळचे उमरग्याकडले, अजूनही कापड कानडीत मोजतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग खालच्या फळीवर बोट दाखवलं. "सुती म्हणाल तर एवढंच."

मांजरपाट होता. जाडाभरडा, कोरा, पिवळसर पांढरा. तालुक्याच्या प्रत्येक कापड दुकानात एक तागा ठेवतातच, कारण कुणी गेलं की कफनाला लागतो.

अश्विनीनं दोरा जाळला. कागदाचा वास, मऊ राख. फुंकर मारताच उडाली.

"किती देऊ?" मलप्पांनी विचारलं.

"पंचवीस मीटर."

मलप्पांचा हात थांबला. आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "असं काय झालं, मास्तर? कोण कोण गेलं?"

"कुणी गेलं न्हाय," कमलबाई मागून म्हणाल्या. "जायचं न्हाय म्हूनच घेतोय. मोजा तुमी."

मलप्पा मोजायला लागले. वंदु, एरडु, मूरु. मी अश्विनीकडं पाहिलं. ती कफनाच्या कापडाला हात लावून उभी होती, आणि तिचा चेहरा उतरला होता. "आई, तू घालशील हे अंगावर?"

"कापड बघ कसं जळतंय. कशाला ठिवलं हुतं ते नगं बघू," कमलबाई म्हणाल्या.

मांजरपाट आकसतो. आधी भिजवून वाळवला नाही तर शिवलेला पोशाख पहिल्या धुण्यातच दोन बोटं आखूड होतो. आमच्या अंगणात पाण्याच्या टिपात कापड भिजवलं. मे महिन्याचं ऊन त्या दिवशी पहिल्यांदा उपयोगी पडलं, दोन तासांत कापड खडखडीत वाळलं. दुपारी बेतायला घेतलं. रंग द्यायला वेळ नव्हता. राखाडी रंग हा तिच्या विषयाचा भाग होता, हातावर बसणाऱ्या पुडीचा रंग. तो सोडावा लागला. तिनं ते एकदाच बोलून दाखवलं आणि कात्री हातात घेतली.

दिवस मावळला की मला सुई दिसत नाही. त्यामुळं उजेड असेल तेवढंच काम. मंगळवारी सकाळी सहाला दोन मशिनी सुरू झाल्या. एकीवर ती, एकीवर मी. वीज गेली की माझी पायाची मशीन चालायची, तिची थांबायची, मग ती हातानं फास वळत बसायची. दुपारपर्यंत आमच्यात कामापलीकडं एक शब्द नव्हता. बाही दे. बगल धर. इथं कळी उलटी लागलीय. तिची एक शिवण वाकडी गेली तर तिनं उसवली, पुन्हा वाकडी गेली, पुन्हा उसवली. तिसऱ्यांदा मी हात पुढं केला. तिनं कापड माझ्याकडं न देता स्वतःच सरळ केलं. तिचा राग गेलेला नव्हता. जायचं काही कारणही नव्हतं.

बुधवारी एक नवीच अडचण निघाली. फास ओढायची पट्टी आम्ही उजव्या हाताला सोयीची ठेवली होती. कमलबाईंनी पोशाख अंगात घातला, अश्विनी म्हणाली, "ओढ." त्यांची आखडलेली बोटं पट्टीवरून घसरली. पुन्हा घसरली. अश्विनी मोजत होती. सात, आठ, नऊ. नऊला शिवण सुटली.

"नऊ लई झाले," कमलबाई म्हणाल्या. "तितक्यात समदं हुतं."

त्यांनी ते अगदी साधेपणानं सांगितलं. 

तयार झालेल्या तिन्ही पोशाखांच्या पट्ट्या उसवाव्या लागणार होत्या. अर्धा दिवस गेला असता. मी म्हणालो, "शनिवारच्या बायांचे हात चांगले असतील. कॉलेजच्या मुलीच घालणार ना?"

अश्विनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट वळून बघत बोलली. "मास्तर, दाखवायला एक आणि खऱ्या बायांना एक, असं करायचं नाही हे काल-परवाच ठरलं ना आपलं?"

मी उसवणी हातात घेतली. पट्टीच्या जागी आम्ही मोठी कडी केली, आख्खं मनगट आत घालता येईल अशी. डावीकडून किंवा उजवीकडून, कसंही ओढता यावं म्हणून नाडी मधोमध आणली. कमलबाईंनी मनगट अडकवलं आणि कोपर मागं घेतलं. एक, दोन. पोशाख खाली. त्यांनी तो उचलून पुन्हा घातला आणि पुन्हा ओढला. असं पाच वेळा केलं. पाचव्या वेळी त्या हसल्या, आणि अश्विनी मशिनीवर डोकं टेकून रडायला लागली.

गुरुवारी दुपारी सुती दोरा संपला. चार पोशाख पुरे झाले होते, पाचवा बेतून पडलेला. आजकाल दुकानात मिळतो तो दोरा पॉलिस्टरचा. माझ्याकडची जुनी सुती रिळं पहिल्या खेपेलाच बरीच गेली होती, उरलेली या चार पोशाखांत संपली. अश्विनी म्हणाली, "चारच दाखवते. पाचाच्या जागी चार."

"पाच पायजेत असं लिवलंय ना?" कमलबाईंनी विचारलं.

"लिहिलंय."

त्या उठून गेल्या. तासाभरानं शेजारच्या गल्लीतल्या दोन बायांना घेऊन आल्या. वाकळ, म्हणजे गोधडी, शिवणाऱ्या. हातात जाड सुती दोऱ्याच्या गुंड्या. तिघी जमिनीवर फतकल मारून बसल्या आणि पाचवा पोशाख वाकळीसारखा हातानं धावदोरा घालत शिवायला लागल्या. कमलबाई डाव्या हातानं शिवत होत्या, उजव्यानं कापड दाबून धरत होत्या. मी त्यांना सरळ रेघा मारून दिल्या, त्यांनी त्या सोडून आपल्याच चालीनं टाके घातले. ऊन भिंतीवरून उतरायच्या आत शेवटची गाठ पडली.

शुक्रवारी सकाळी अश्विनी गेली. गाडीत चढताना मला म्हणाली, "येते." एवढंच.

शनिवारी दिवसभर मी दुकानात बसून होतो. दुपारी साडेतीनला तिचा फोन आला. ज्युरीतल्या माणसांनी आधी सगळ्या शिवणी तपासल्या, म्हणे. मग एका बाईंनी विचारलं, हे आगीपासून वाचवतं का? तिनं सांगितलं, नाही, हे सूत आहे, हेही जळतं. फक्त चिकटत नाही, आणि दोन मोजेपर्यंत अंगावरून निघतं. मग तिनं ओढून दाखवलं. एका वयस्कर गृहस्थांनी तिला तीनदा ओढायला लावलं, चौथ्यांदा स्वतः अंगात घालून ओढलं. हातशिलाईच्या पोशाखावर मॅडम बराच वेळ बोट फिरवत राहिल्या. युनिफॉर्म हा शब्द पुन्हा काढला नाही.

पहिला नंबर तिचा आला नाही. चमकदार कपडे केलेल्या दुसऱ्या कुणाचा तरी आला. ती चांगल्या मार्कांनी पास झाली, आणि पुढं कामगारांचे कपडे बनवणाऱ्या एका कंपनीत तिला नोकरी लागली. सध्या ती अहमदाबादेत असते. मला फोन करते तो शिवणकामाचं विचारायला. इतर बोलणं कमीच असतं. मी तक्रार करत नाही.

पावसाळ्यात, दिवाळीचा माल सुरू व्हायच्या वेळी, तेरखेड्यातल्या एका शेडच्या मालकानं निरोप पाठवला. बारा बायांना तसे कपडे करून हवेत, मापं घ्यायला या. बाकीच्या मालकांनी बघून ठेवून दिलं होतं. पांढरं मळतं म्हणाले. या एकानं तरी बोलावलं. शिवणकाम आता वाकळवाल्या दोघी आणि कमलबाई करणार होत्या, बेतणं माझ्याकडं.

चाळीस वर्षं त्या बायांचे शर्ट माझ्या हातून गेले, पण शेड मी कधी बघितली नव्हती. फाटकावर रखवालदारानं मोबाईल, किल्ल्या, काडेपेटी, कात्री काढून घेतली. मग माझ्या गळ्यातल्या टेपकडं बोट दाखवलं. टेपच्या टोकाला पितळी पट्टी असते. तीही आत चालत नव्हती. त्यानंच माझ्या कात्रीनं टोक कापून दिलं.

शेडपासून दूर, लिंबाखाली बाया रांगेनं उभ्या होत्या. मी जन्मात बाईचं माप घेतलेलं नव्हतं. सगळ्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. कुणी पुढं येईना.

कमलबाई पुढं आल्या. साडीवरच्या शर्टाची उजवी बाही त्यांनी कोपरापर्यंत मागं सारली आणि तो हात माझ्यापुढं धरला.

"आधी ह्येचं घ्या, मास्तर."

टेपचा पहिला इंच गेलेला होता. मी दुसऱ्यापासून मोजायला सुरुवात केली.